गोव्याहून दिल्ली: दीड हजार किलोमीटर खरे, पण घड्याळ कुठून लावायचं?

साखळीचे एक गृहस्थ नोकरीनिमित्त दिल्लीला असतात. त्यांची ७२ वर्षांची आई पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, तीही एकटी. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "गोवा-दिल्ली अंतर एका ठिकाणी १५०४ किलोमीटर दिसतं, दुसरीकडे १४६४, तिसरीकडे १९०० च्या पुढे. वेळ कुठे १ तास ५३ मिनिटं, कुठे २ तास २३, आणि तिकिटावर २ तास ४०. यातलं खरं काय धरू? मी विमानतळावर किती वाजता उभा राहू? आणि आईला खिडकीतून काही दिसेल का?"

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून तो शेवटासाठी राखून ठेवतो. माझी सगळी नोकरी फ्लाइट डिस्पॅचमध्ये गेली. म्हणजे विमान सुटण्याआधी त्याने कुठल्या वाटेने जायचं, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन आणि किती वेळात, हे कागदावर मांडून वैमानिकाच्या हाती द्यायचं. त्यामुळे तुमचे आकडे वाचून मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. अंतराचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. वेळेच्या तीनपैकी एक साफ चुकीचा आहे, एक अंदाजपंचे आहे आणि तिकिटावरचा आहे तो खरा. पण तो कशाचा आहे ते कळलं पाहिजे.

आधी अंतर. १५०४ आणि १४६४ यांतला चाळीस किलोमीटरचा फरक म्हणजे दाबोळी आणि मोपा. गोव्यात दोन विमानतळ आहेत हे आपल्याला सांगायला नको, पण अंतर काढणाऱ्याला ते सांगावं लागतं. दाबोळी नौदलाच्या आयएनएस हंसा तळावरचा. मोपा पेडण्याच्या पठारावरचा, ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुरू झालेला. मोपा दाबोळीच्या जवळपास नेमका उत्तरेला आहे. त्यामुळे उत्तरेकडचं कुठलंही शहर मोपाहून चाळीसेक किलोमीटर जवळ पडतं. दाबोळीहून मुंबई ४२३ किलोमीटर, मोपाहून ३८५. पुणे ३५४, मोपाहून ३१४. दक्षिणेकडे उलटं: बंगळूर दाबोळीहून ४८३ आणि मोपाहून ५००.

विमानाला हे चाळीस किलोमीटर म्हणजे तीन मिनिटं. जमिनीवरच्या माणसाला ते किती, हे माझ्या मावसभावाला विचारा. फोंड्याचा माणूस, आयुष्यभर दाबोळीहूनच गेलेला. तिकिटावर 'गोवा' वाचलं आणि सवयीने दाबोळीला जाऊन उभा राहिला. त्याचं विमान मोपाहून होतं. झुआरी ओलांडून, पणजी-म्हापसा करत धारगळला पोचेपर्यंत विमान कोल्हापूरच्या आकाशात होतं. तेव्हा तिकिटावर विमानतळाची तीन अक्षरं बघा: दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. साखळीहून तुमच्या आईला मोपाच सोयीचा. डिचोलीमार्गे वर गेलं की झालं, पणजीच्या वाहतुकीत शिरायचं कारण नाही.

तर सरळ अंतर म्हणजे काय? पृथ्वीच्या गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला तर तो जिथून जाईल ती रेषा. कुणी गणितासाठी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरतो, कुणी ती ध्रुवांकडे जराशी चपटी आहे हे हिशेबात घेतो, म्हणून दोन ठिकाणी चार-पाच किलोमीटर इकडे तिकडे दिसतात. ते सोडून द्या. आमच्या कागदावर मुळात किलोमीटर नसतातच, सागरी मैल असतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो आला अक्षांशावरून: अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग तेवढा भरतो. दाबोळी आणि मोपा यांच्या अक्षांशात जवळजवळ २२ भागांचा फरक आहे. म्हणजे २२ सागरी मैल, म्हणजे चाळीस किलोमीटर. नकाशा आणि पेन्सिल हाती असेल तर उत्तर-दक्षिण अंतर असं बोटांवर निघतं. नव्या मुलांना शिकवताना मी सुरुवात इथूनच करायचो.

१९०० च्या पुढचा आकडा रस्त्याचा. रस्ता घाट चढतो, शहरं जोडत जातो, तो लांब असणारच. पण अंतर म्हणून छापलेला प्रत्येक आकडा अंतरच असतो असंही नाही. कोकण रेल्वेचं तिकीट बघा. मुंबईहून मडगाव रुळांवरून सहाशे किलोमीटरच्या आतच आहे, पण तिकिटावर साडेसातशेच्या पुढचा आकडा असतो. डोंगर फोडून, पूल बांधून हा मार्ग काढायला जो खर्च आला तो वसूल व्हावा म्हणून कोकण रेल्वेच्या हद्दीतलं अंतर भाड्यासाठी चाळीस टक्क्यांनी वाढवून धरतात. म्हणजे तो भाड्याचा किलोमीटर, जमिनीवरचा वेगळा.

आता विमान या ताणलेल्या दोऱ्यावरून जातं का? दाबोळी-दिल्ली रेषा नकाशावर मारली तर ती कोल्हापूरजवळून वर जाते, अहिल्यानगरवरून निघते, जळगाव उजव्या हाताला ठेवते, मग इंदूरच्या जरा पश्चिमेने आणि कोट्याच्या जरा पूर्वेने दिल्लीत शिरते. प्रत्यक्ष विमान आकाशात आखलेल्या वाटांवरून जातं. या वाटांवर पाच-पाच अक्षरी नावांचे बिंदू असतात, एकाहून दुसऱ्याकडे असं उडायचं. वाटेत हवाई दलाचे तळ आणि सरावाच्या जागा असतात, त्यांना वळसा. उतरताना दिल्लीची ठरलेली वाट, तिला आणखी वळसा. पावसाळी ढगांचे मनोरे असले की वैमानिक दहा-वीस मैल बाजूने काढतो. उलट रात्री गर्दी नसली की कंट्रोलर मेहरबान होऊन पुढचे तीन-चार बिंदू गाळून थेट पुढच्यावर पाठवतो. सगळं मिळून दीड हजाराचे पंधराशे पन्नास-साठ किलोमीटर होतात असं मी धरून चालायचो.

(आणि कधीकधी सरळ रेषा असूनही वाट नसते. १९५५ ते १९६१ या काळात पोर्तुगीजांची गोव्यातली विमान कंपनी दाबोळीहून दमण, दीव, कराचीला विमानं नेई. दाबोळीहून मुंबई तेव्हाही ४२३ किलोमीटरच होती, पण भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. जाणाऱ्यांना समोरची मुंबई सोडून कराची जवळची झाली होती. आजही गोव्याहून लंडनची सरळ रेषा समुद्र ओलांडून बलुचिस्तानात शिरते, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केल्यावर त्या रेषेचा त्यांना काही उपयोग उरला नाही.)

अंतर इथे संपलं. घोटाळा खरा वेळेत आहे.

तुमचे १ तास ५३ मिनिटं आले कुठून, तर १५०४ ला ८०० ने भागून. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, भागाकार केला, उत्तर छापलं. २ तास २३ मिनिटं म्हणजे त्यातच चढ-उताराची अर्धा तास ठोक भर. पहिलं गणित गृहीत धरतं की विमान गोव्यात ताशी ८०० ने सुरू होतं आणि दिल्लीत ताशी ८०० नेच थांबतं. हे किती फसवं आहे ते बघायला दिल्ली सोडा, मुंबई घ्या.

मोपाहून मुंबई ३८५ किलोमीटर, म्हणजे २०८ सागरी मैल. भागाकार केला तर २९ मिनिटं. आता विमान प्रत्यक्षात काय करतं ते बघा. उतरण्याचा आमचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन मैल. पंचवीस हजार फुटांवरून खाली यायचं तर पंचाहत्तर मैल, शिवाय वेग कमी करायला आणखी आठ-दहा. म्हणजे मुंबईच्या ऐंशी-पंचाऐंशी मैल आधी, दापोलीच्या आसपास पोचलात की इंजिनांचा आवाज मंदावतो. तोच उताराचा आरंभ. इकडे चढायलाही साठ-सत्तर मैल गेलेले असतात. २०८ मधून दोन्ही वजा करा, राहिलं काय? साठेक मैल. विमान आपल्या खऱ्या वेगाने, नाक सरळ ठेवून उडतं ते जेमतेम आठ-नऊ मिनिटं. बाकी सगळी चढण आणि उतरण. दहा हजार फुटांच्या खाली वेग २५० नॉटवर, म्हणजे ताशी २५० सागरी मैलांवर, आणायचा असतो. शिवाय मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूने उतरतात, तेव्हा दक्षिणेकडून आलेल्या तुमच्या विमानाला आधी पूर्वेला जाऊन मागे वळावं लागतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच कामाची, आणि आकाशात रांग. म्हणून २९ मिनिटांच्या भागाकाराचं हवेतलं उत्तर पंचेचाळीस-पन्नास मिनिटं येतं आणि तिकिटावरचं सव्वा तास.

तिकिटावर जास्त का? कारण तिकीट हवेतला वेळ सांगतच नाही. प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदवल्या जातात. पहिली, विमान जागेवरून हललं ती. दुसरी, चाकं जमिनीवरून सुटली ती. तिसरी, चाकं टेकली ती. चौथी, विमान जागेवर येऊन थांबलं ती. वैमानिक पार्किंग ब्रेक सोडतो आणि विमान स्वतःच संदेश पाठवतं. आमच्या पडद्यावर एक हिरवा आकडा उमटतो. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे यातली पहिली, पोचण्याची म्हणजे चौथी. मधल्या दोन वेळा प्रवाशाला कुणी सांगत नाही, आणि 'उड्डाणाचा वेळ' म्हणून लोक शोधतात त्या मात्र त्याच. या पहिल्या ते चौथ्या वेळेला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. सरकारनेसुद्धा करोनाच्या काळात, मे २०२० ते ऑगस्ट २०२२, देशांतर्गत भाड्याला खालची-वरची मर्यादा घातली तेव्हा अंतराचे गट पाडले नाहीत, वेळेचे पाडले: चाळीस मिनिटांच्या आत, चाळीस ते साठ, साठ ते नव्वद, असे सात.

आता दिल्लीचा हिशेब मांडतो. जागेवरून मागे ढकलणं, इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं: दहा मिनिटं. पस्तीस हजार फुटांपर्यंत चढण: वीस मिनिटं, तेवढ्यात दोनशे किलोमीटर कापले जातात. मग सरळ पल्ला, साधारण ११३० किलोमीटर, ए३२० जातीचं विमान ताशी ८३० च्या आसपास जातं म्हणून ८२ मिनिटं. उतरण आणि दिल्लीच्या रांगेतलं वळवावळवीचं काम: तेहेतीस-पस्तीस मिनिटं. दिल्लीत उतरल्यावर जमिनीवर चाकांवर चालत (याला 'टॅक्सी करणं' म्हणतात) जागेवर पोचायला बारा-पंधरा. बेरीज करा, २ तास ४० होते. यात हवेतले सव्वादोन तास. मुंबईच्या साडेतीन पटींहून जास्त अंतर आणि वेळ दुपटीहून थोडी जास्त, याचं कारण आता कळलं असेल: चढण-उतरण आणि जमिनीवरचा वेळ दोघांना सारखाच लागतो, दिल्लीला फक्त मधला सरळ पल्ला वाढतो.

दिल्लीतल्या जमिनीवरच्या वेळेचं वेगळं सांगायला हवं. एके काळी दूरच्या धावपट्टीवर उतरलं की वीस-वीस मिनिटं विमान नुसतं चालत राहायचं. लोक विचारायचे, रस्त्यानेच नेताय काय. २०२३ मध्ये रस्त्यावरून जाणारा उंच टॅक्सीवे, म्हणजे विमानांना चालायचा पूल, सुरू झाला, आता फरक पडलाय. तरी उतरलो म्हणजे पोचलो असं दिल्लीत समजू नये.

वाऱ्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, शंभर नॉटच्या वरही जातो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना तो फार जाणवतो. गोवा-दिल्ली उत्तर-दक्षिण आहे, वारा कुशीवर येतो. वाहून जाऊ नये म्हणून विमान नाक थोडं पश्चिमेला वळवून तिरकं उडतं, त्यात ताशी वीसेक किलोमीटर खर्ची पडतात, तेही शेवटच्या टप्प्यात. फरक दोन-तीन मिनिटांचा. जाताना आणि येताना उंची मात्र वेगळी: पूर्वेकडे झुकलेल्या दिशेला विषम हजार फूट, पश्चिमेकडे झुकलेल्या दिशेला सम. म्हणून दिल्लीला जाताना ३५ किंवा ३७ हजार, गोव्याला येताना ३४ किंवा ३६. समोरासमोरची विमानं एका उंचीवर येऊ नयेत एवढाच त्यामागचा साधा विचार.

आखातात माणसं असलेल्या घरांसाठी थोडं. गोव्याहून दुबई सरळ रेषेत २२०० किलोमीटर. समजा विमान दुपारी ४ ला सुटून ५:५० ला पोचतं असं तिकिटावर आहे. लोक म्हणतात, पावणेदोन तासांत दुबई! पोचण्याची वेळ दुबईची असते आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. खरा वेळ ३ तास २० मिनिटं. परतीच्या तिकिटावर उलटा गोंधळ, तिथे दीड तास वजा करायचा. शिवाय हिवाळ्यात जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर, म्हणून परतीला वीसेक मिनिटं कमी लागतात. ते वीस मिनिटं खरे, बाकी घड्याळाची गंमत.

आता कागदावरचा वेळ मोडतो कधी? दिल्लीत धुक्यामुळे, आपल्याकडे पावसामुळे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्लीचं धुकं पहाटे सगळ्यात दाट असतं. त्याचा फटका गोव्याला लागतो तो अशा रीतीने: सकाळी दहाला गोव्याहून सुटणारं विमान पहाटे दिल्लीहून यायचं असतं, ते तिकडेच अडकलेलं. मोपावर लख्ख ऊन आणि फलकावर 'उशीर', लोक काउंटरवरच्या पोरींवर ओरडतात. म्हणून या दिवसांत आईचं तिकीट दिल्लीला दुपारी बारा ते चारमध्ये पोचणारं काढा. सकाळी लवकरचं विमान वेळेवर सुटतं हा सल्ला एरवी चांगला आहे, धुक्यात तो उलटा पडतो.

पावसाळ्यातली एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. जुलै महिना, दिल्लीहून निघालेलं विमान गोव्याच्या डोक्यावर येऊन पोचलेलं, आणि मुरगावच्या बाजूने असा पाऊस आला की खिडकीतून समोरचा टॉवर दिसेना. वैमानिक घिरट्या घालायला लागला. ए३२० अशा वेळी तासाला सव्वादोन-अडीच टन इंधन पितं, म्हणजे मिनिटाला चाळीस किलो. माझ्यासमोर कागद होता आणि मी पेन्सिलीने दर पाच मिनिटांना दोनशे किलो खोडत होतो. पर्यायी विमानतळ बंगळूर. तिथवर पोचण्याचं इंधन आणि त्यावर अर्ध्या तासाची राखीव, एवढं हातचं ठेवून उरतं तेवढाच घिरट्यांचा वेळ. पंचवीस मिनिटांनी, हजार किलो जाळून, तो बंगळूरकडे वळला. त्यानंतर दहा मिनिटांत इथे पाऊस थांबला. त्या लोकांनी दीड हजारच्या जागी अडीच हजार किलोमीटर प्रवास केला आणि रात्री साडेअकराला गोव्यात उतरले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची तक्रार आली की वैमानिकाने दहा मिनिटं थांबायला काय हरकत होती. हरकत चारशे किलोंची होती, पण ते पत्रातून कसं सांगणार?

दाबोळीची आणखी एक गोष्ट. तळ नौदलाचा, त्यामुळे वर्षानुवर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठच्या सुमारापासून दुपारी एकपर्यंत नौदलाच्या उड्डाणांना प्राधान्य आणि प्रवासी विमानं त्याच्या अलीकडे-पलीकडे कोंबलेली. दीड वाजता जी झुंबड उडायची, त्यात कागदावरचा सव्वा तास कधी दोन तास व्हायचा. वेळापत्रकं बघून 'सकाळी दाबोळीहून काहीच कसं नाही' असं ज्यांना वाटायचं, त्याचं उत्तर हे.

कंपन्याही काही भोळ्या नाहीत. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते 'वेळेवर' धरतात. त्यामुळे ब्लॉक टाइममध्ये पाच-दहा मिनिटं सैल ठेवली जातात. मग विमान वीस मिनिटं आधी पोचतं आणि घोषणा होते, 'आपण वेळेआधी पोचलो आहोत'. टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण वैमानिकाने विमान पळवलं वगैरे समजू नका. वेग वाढवून गोवा-दिल्लीत तीन-चार मिनिटं वाचतात आणि इंधन भसाभस जातं. कुणी ते करत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण मुंबईच्या बाबतीत मला ती नेहमी विचारतात. साखळीहून मुंबईतल्या दादरला जायचं तर विमानाचा सव्वा तास हा प्रवासाचा सगळ्यात लहान तुकडा आहे. घरून मोपा एक तास, तिथे दीड-दोन तास आधी, सव्वा तासाचं विमान, सामान अर्धा तास, मुंबईतली टॅक्सी तास-सव्वा तास. सहा तासांच्या आसपास जातात. मडगावहून वंदे भारत पावणेआठ तासांत मुंबईला नेते, पावसाळ्यात जास्त वेळ घेते. काणकोण, केपे, मडगावच्या माणसाने मोपाला जाऊन मुंबईचं विमान पकडावं असं मला तरी वाटत नाही. दिल्लीला मात्र विमानाला तोड नाही.

आता तुमचा कामाचा प्रश्न: किती वाजता उभं राहायचं. तिकिटावरची पोचण्याची वेळ धरू नका. विमान गोव्याहून प्रत्यक्ष उडालं ती वेळ मोबाईलवर मिळते, ती घ्या. त्यात सव्वादोन तास मिळवले की दिल्लीत चाकं टेकण्याची वेळ. आईसाठी व्हीलचेअर सांगितली असेल, आणि पहिल्या खेपेला ती सांगावीच, चालता येत असलं तरी, कारण त्यासोबत वाट दाखवणारा माणूस मिळतो, तर व्हीलचेअरवाले विमानातून सगळ्यांच्या शेवटी उतरतात. मग सामानाचा पट्टा. चाकं टेकल्यावर पाऊण तास धरा. म्हणजे उडाल्यापासून साधारण तीन तासांनी आई दारातून बाहेर येईल, थोडं मागेपुढे. टर्मिनल १, २ की ३ ते आदल्या दिवशी पुन्हा बघा, दिल्लीत ते चुकलं तर मोपा-दाबोळीसारखीच फजिती.

इकडे गोव्यात आईला विमान सुटण्याच्या दोन तास आधी पोचवा. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, गेट पंचवीस मिनिटं आधी. तिकिटावरच्या वेळेला विमान हलायचं असतं, दार त्याच्या आधीच लागतं. 'अजून दहा मिनिटं आहेत ना' हे वाक्य मी काचेच्या पलीकडून इतक्या जणांच्या ओठांवर वाचलंय की आवाज ऐकायची गरज पडत नसे.

आणि खिडकी. जागा निवडताना पंखाच्या पुढची रांग घ्या, दहाव्याच्या आतली. पंखावरची जागा घेतली तर आईला दिल्लीपर्यंत पत्राच दिसेल. सकाळचं विमान असेल तर डावीकडची खिडकी, म्हणजे ए. उजवीकडून ऊन डोळ्यांवर येतं. डावीकडे पहिली वीसेक मिनिटं सह्याद्रीची धार दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर कोयनेचं शिवसागर, डोंगरांत शिरलेल्या लांबट बोटांसारखं. दुपारनंतरचं असेल तर उजवीकडची, एफ. तिकडे उजनीचं पाणी आणि त्यानंतर थोड्या वेळाने जायकवाडीचं, चकाकतं, सपाट. पुढे तापी आणि तिच्यानंतर सात-आठ मिनिटांनी नर्मदा दोन्ही बाजूंनी दिसते, कारण तुम्ही तिला आडवे ओलांडता. उडाल्यावर साधारण तासाभराने. आईला सांगून ठेवा, हात जोडायचे असतील तर तेव्हा जागी राहा.